तांब्याचा तळ आणि लोखंडाचा पहारा

आपल्या घरांतील भांड्यांकडे सहज दृष्टि टाकली तरी धातूंच्या स्वभावांतील भेद लक्षांत येतो. पितळेच्या भांड्यांत ताक राहिलें तर तें कळकतें. म्हणून पूर्वीं कल्हईवाला दारीं येई आणि भांड्यांना आंतून कथलाचा लेप देऊन जाई. लोखंडी तवा ओला राहिला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यावर गंज चढलेला दिसतो. तांब्याची घागर चिंच लावून घासली तर क्षणांत उजळते, परंतु चार दिवसांत पुन्हां काळवंडते. सोन्याची अंगठी मात्र आजीच्या बोटावरून नातीच्या बोटावर आली तरी तिचें तेज जसेंच्या तसें राहतें. या अनुभवावरून माणसानें धातूंची एक श्रेणी फार पूर्वींच ठरवून टाकली. जो धातु हवेनें, पाण्यानें व आंबटानें बिघडत नाहीं तो श्रेष्ठ. जो बिघडतो तो हीन.

रसायनशास्त्रानें हीच श्रेणी घेतली, परंतु ती दुसऱ्या टोकापासून वाचली. कोणता धातु किती मौल्यवान् हा त्याचा प्रश्न नव्हे. इतर द्रव्यांशीं संयोग पावण्यास कोणता धातु किती उत्सुक, हा त्याचा प्रश्न आहे. पोटॅशियमचा तुकडा पाण्यांत टाकतांच पेट घेतो. जस्त पाण्यांत स्वस्थ बसतें, पण सौम्य अम्लांत टाकलें कीं हायड्रोजनचे बुडबुडे सोडूं लागतें. लोखंडही तेंच करितें, पण अधिक सावकाश. तांब्यावर सौम्य गंधकाम्लाचा, हवा नसेल तर, कांहींच परिणाम होत नाहीं. सोनें विरघळविण्यास दोन तीव्र अम्लें एकत्र करावीं लागतात. ही चढउतार आणखी एका सोप्या रीतीनें दिसते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यांत लोखंडी चाकूचें पातें बुडविलें तर त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि तितकेंच लोखंड पाण्यांत उतरतें. अधिक उत्सुक धातु आपल्याहून कमी उत्सुक धातूला संयुगांतून बाहेर काढून त्याची जागा घेतो. उलट मात्र घडत नाहीं.

धातु मनुष्याच्या हातीं कोणत्या क्रमानें आले याचें रहस्यही बरेंचसें या श्रेणींत आहे. सोनें नदीच्या वाळूंत मोकळें सांपडे. तांबें व लोखंड प्राणवायूपासून तोडण्यास भट्टी व कोळसा लागला. त्यांत लोखंडाला अधिक सायास पडले. जस्त तर भट्टींत वाफ होऊन निसटून जाई. तें पकडून थंड करण्याची युक्ति राजस्थानांतील झावर येथील कारागिरांना युरोपच्या कित्येक शतकें आधीं साधली होती. सर्वांत उत्सुक असे जे पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम आदि धातु, त्यांना मात्र कोळसा व भट्टी यांची जुनी रीत दाद देईना. ते एकोणिसाव्या शतकांत विजेनें मुक्त झाले.

ज्या पुरुषानें ते मुक्त केले, त्यानेंच पुढें धातूंच्या या श्रेणीचा उपयोग एका राष्ट्राच्या आरमारासाठीं करून पाहिला. त्याचें शास्त्र खरें होतें, प्रयोग बिनचूक होते, आणि तरीही परिणामीं त्याच्या वाट्याला उपहास आला. हें कसें घडलें तें येथें सांगावयाचें आहे.

अठराव्या शतकापर्यंत सारें आरमार लांकडाचें होतें, आणि समुद्रांत लांकडाला दोन शत्रु होते. एक, लांकूड आंतून पोखरणारा जीव. याला जहाजी किडा म्हणत. वस्तुतः तो शिंपल्यांच्या वर्गांतील प्राणी आहे. उष्ण प्रदेशांतील समुद्रांत तो थोड्याच काळांत जाड फळीची चाळण करून टाकी. दुसरा शत्रु म्हणजे तळाला चिकटणारें शेवाळ व कवचधारी जीव. यांचा थर चढला कीं जहाजाचा वेग मंदावे, आणि तें वरचेवर गोदींत घेऊन तळ खरवडावा लागे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर तळाला चुना व तेल यांचा लेप देत; युरोपांत डांबर व गंधक वापरीत, किंवा मुख्य फळ्यांवर हलक्या फळ्यांचें एक वेगळें आवरण ठोकीत. इंग्रजांनीं १६७० नंतरच्या दशकांत शिशाचे पत्रेही लावून पाहिले. परंतु शिशाजवळच्या सुकाणूच्या लोखंडी बिजागऱ्या अकालीं झिजूं लागल्या, आणि तो नाद सोडून द्यावा लागला. शिसें शेजारीं असतांना लोखंड कां झिजावें, हें त्या काळीं कोणालाच उलगडलें नाहीं.

१७६१ सालीं ‘अलार्म’ नांवाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकून तें वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रांत पाठविण्यांत आलें. दोन वर्षांनीं तें परत आलें तेव्हां किड्याचा मागमूस नव्हता आणि शेवाळही फारसें धरलेलें नव्हतें. परंतु पत्रे ज्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकले होते ते खिळे कित्येक ठिकाणीं गंजून लगदा झाले होते व पत्रे सुटून गेले होते. तपासणी करणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते तो कागद कांहीं ठिकाणीं काढावयाचा राहून गेला होता. आणि जेथें तांबें व खिळा यांच्यामध्यें हा कागद होता, तेथील खिळे शाबूत होते. १७६३ च्या अहवालांत त्यांनीं ही गोष्ट नमूद केली आणि शिफारस केली कीं तांब्याचा लोखंडाशीं स्पर्श होऊं देऊं नये. कारण ठाऊक नसतांना केवळ डोळस निरीक्षणावरून काढलेला हा निष्कर्ष तंतोतंत बरोबर होता.

तथापि अहवाल लिहिला जाणें वेगळें आणि तो अंमलांत येणें वेगळें. १७७९ पासून, फ्रान्स व स्पेन यांच्याशीं चाललेल्या युद्धाच्या घाईंत, चार्ल्स मिडल्टन याच्या आग्रहावरून इंग्लंडनें थोड्याच वर्षांत बहुतेक सर्व आरमाराला तांबें चढविलें. जहाजें वेगवान् झालीं. परंतु त्यांचे सांगाडे जोडणारे मोठे लोखंडी बोल्ट आंतल्या आंत खंगूं लागले. शेवटीं १७८० नंतरच्या दशकांत तळाकडील बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूचे करण्यांत आले, तेव्हां हा धोका टळला. आतां तांब्याला तांबेंच भेटत होतें. राहिली एकच तक्रार. तांबें स्वतःच समुद्रांत हळूहळू विरत होतें. एका जहाजाचे पत्रे पुष्कळ वर्षें टिकत, दुसऱ्याचे थोडक्यांत चाळणीसारखे होत. खर्च मोठा होता, आणि ठेकेदार भेसळीचें तांबें देतात असा बोभाटा होता.

आतां समुद्र सोडून क्षणभर प्रयोगशाळेकडे वळलें पाहिजे. कारण आरमारानें जो अनुभव पदरीं बांधला होता त्याचा अर्थ तेथें लागावयाचा होता. इटलींतील बोलोन्या येथें गॅल्व्हानी यानें मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन भिन्न धातूंचा स्पर्श केला असतां ती आंचके देते असें पाहिलें, आणि १७९१ सालीं तें प्रसिद्ध केलें. त्याला वाटलें, ही वीज प्राण्याच्या शरीरांतील आहे. पाव्हिया येथील व्होल्टा यानें ती वीज बेडकाची नसून दोन धातूंच्या संगतीची आहे असें प्रतिपादन केलें. त्यानें जिभेवर दोन धातु ठेवून चव पाहिली, नाना जोड्या लावल्या आणि त्यांवरून धातूंची एक मालिका तयार केली. तिच्या एका टोकाला जस्त होतें. शिसें, कथील, लोखंड, तांबें अशा पायऱ्यांनीं ती चांदीसारख्या धातूंकडे व कोळशाकडे जात होती. मालिकेंत दोन धातु जितके दूर, तितका त्यांच्या जोडीचा परिणाम अधिक. १८०० सालीं त्यानें जस्त व चांदी यांच्या चकत्या, मध्यें खाऱ्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठे घालून, एकावर एक रचल्या. आणि जगाला प्रथमच विजेचा अखंड प्रवाह मिळाला.

व्होल्टाची मालिका आणि रसायनज्ञांची श्रेणी या दोहोंचें साम्य लपणारें नव्हतें. जस्त दोहोंत वर, तांबें दोहोंत खालीं. योहान रिटर या तरुण जर्मन शास्त्रज्ञानें व्होल्टाच्या चकत्यांपूर्वींच, १७९८ सालीं, या साम्याकडे बोट दाखविलें होतें. परंतु वीज व रसायन यांचें नातें सर्व शास्त्रीय जगाच्या मनावर बिंबविलें तें हंफ्री डेव्ही यानें.

डेव्हीचा जन्म १७७८ सालीं कॉर्नवॉल प्रांतांतील पेन्झान्स येथें झाला. बाप लांकडावर कोरीव काम करणारा. मुलाला एका वैद्याच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवलें होतें. तेथूनच रसायनाचा छंद लागून तो १८०१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें येऊन पोहोंचला. त्याचीं व्याख्यानें ऐकण्यास लंडनचा प्रतिष्ठित समाज गर्दी करी. १८०६ च्या व्याख्यानांत त्यानें असा विचार मांडला कीं, दोन द्रव्यांना एकत्र आणणारें रासायनिक आकर्षण व विजेचें आकर्षण यांचें मूळ एकच असावें. तसें असेल तर जो बंध कोळशाच्या भट्टीला तुटत नाहीं तो विजेनें तुटला पाहिजे. १८०७ च्या ऑक्टोबरांत त्यानें लांकडाच्या राखेपासून निघणाऱ्या दाहक क्षाराच्या तुकड्यांतून प्रबळ प्रवाह सोडला. पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक गोळे दिसूं लागले; त्यांतील कांहीं दिसतांच पेटून गेले. हें पोटॅशियम. त्या वेळीं त्याचा मदतनीस असलेल्या चुलतभावानें पुढें सांगितलें कीं, हें दृश्य पाहून डेव्ही आनंदानें खोलीभर नाचूं लागला. थोड्याच दिवसांत सोडियम मिळालें, आणि १८०८ सालीं मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम हे धातु त्यानें वेगळे केले. नेपोलियनशीं इंग्लंडचें युद्ध चालू असतांही फ्रेंच विद्वत्सभेनें या शत्रुराष्ट्रांतील पंडिताला पारितोषिक दिलें. १८१५ सालीं कोळशाच्या खाणींतील मजुरांसाठीं त्यानें निर्धोक दिवा शोधून काढला आणि त्याचा एकाधिकार घेण्याचें नाकारलें. १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. एका कोरीवकाम करणाऱ्याच्या मुलास याहून मोठें पद शास्त्राच्या क्षेत्रांत उरलें नव्हतें.

अशा या पुरुषाकडे १८२३ सालीं आरमारखात्याचा प्रश्न आला : समुद्रांत तांबें झिजतें तें थांबवितां येईल काय? डेव्हीनें प्रथम भेसळीची समजूत तपासली. शुद्ध तांबेंही झिजतें, आणि झिजविणारें कारण म्हणजे पाण्यांत मिसळलेल्या हवेंतील प्राणवायु व समुद्राचे क्षार, असें त्यास आढळलें. मग त्यानें आपल्या सिद्धान्तावरून सरळ अनुमान केलें. तांबें समुद्राशीं संयोग पावतें तें त्याच्या अंगीं असलेल्या अल्पशा धनविद्युत्-गुणामुळें. त्याहून अधिक उत्सुक धातु त्याला जोडला तर तो गुण मावळेल, तांबें उदासीन होईल, आणि झीज त्या दुसऱ्या धातूच्या वाट्याला जाईल. ‘अलार्म’च्या खिळ्यांना जें भोगावें लागलें तेंच हें, फरक इतकाच कीं तेव्हां जो अपघात होता तो आतां उपाय म्हणून योजावयाचा होता. तेव्हां तांब्यानें लोखंडाचा नाश केला असें लोक म्हणाले. लोखंडानें आपल्या नाशानें तांबें राखलें असेंही म्हणतां आलें असतें, पण तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

१८२४ च्या जानेवारींत डेव्हीनें आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढें वाचले. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहान खिळ्याचें टोक एवढें लोखंड चाळीस-पन्नास चौरस इंच तांबें राखण्यास पुरें होतें. पुढें पोर्टस्मथ व चॅटम येथील बंदरांत मोठे पत्रे बुडवून त्यानें प्रमाण निश्चित केलें. तांब्याच्या पृष्ठभागाच्या चाळीसाव्यापासून दीडशेव्या हिश्शापर्यंत लोखंड असेल तर तांब्याचें वजन मुळींच घटत नसे. त्याहून कमी असेल तर संरक्षण त्या मानानें कमी होई. या प्रयोगांत त्याला मदत करणाऱ्यांत मायकेल फॅरडे हा होता. लोखंडाचें प्रमाण फार झालें तर तांब्यावर पांढरट चुनखडीचा थर बसतो व त्यावर शेवाळ धरतें हेंही डेव्हीच्या दृष्टीस पडलें होतें. प्रमाण कमी ठेविलें म्हणजे ही अडचण दूर होईल असा त्याचा भरंवसा होता. पुढचा सारा अनर्थ या भरंवशांत होता.

प्रत्यक्ष आरमारांतील पहिल्या जहाजांपैकीं ज्याची निवड झाली त्याचा जन्म आपल्याच देशांतला. ‘समरंग’ नांवाचें हें अठ्ठावीस तोफांचें जहाज कोचीन येथें बांधलें होतें आणि त्याला तांबेंही हिंदुस्थानांतच चढविलें होतें. त्या काळीं मुंबई व कोचीन येथील गोद्यांत इंग्रजी आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं जात. मुंबईस वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही जतन करून ठेविलें आहे. १८२४ सालीं ‘समरंग’ गोदींत आलें तेव्हां त्याचा तळ गंज व शेवाळ यांनीं भरलेला होता. तो साफ करून त्यावर बिडाचे मोठे तुकडे बसविण्यांत आले. त्यांचा पृष्ठभाग तांब्याच्या सुमारें एक ऐंशीअंश होता. तें जहाज नोव्हास्कोशियाला जाऊन १८२५ च्या आरंभीं परतलें. तांबें शाबूत होतें आणि तळ स्वच्छ होता. ‘कार्नब्रेआ कॅसल’ हें व्यापारी जहाज तर असेच रक्षक लावून कलकत्त्याचा लांबचा प्रवास करून आलें, आणि त्याचाही तळ चकचकीत राहिला. डेव्हीचा आनंद पोटॅशियमच्या दिवसांतल्यासारखाच असला पाहिजे.

परंतु थोड्याच महिन्यांत निराळ्या वार्ता येऊं लागल्या. रक्षक लावलेलीं जीं जहाजें उष्ण समुद्रांत राहिलीं, किंवा बंदरांत नांगरून पडलीं, त्यांचे तळ शेवाळानें व कवचधारी जीवांनीं असे कांहीं भरून गेले कीं तांबें नसलेल्या लांकडाचीच आठवण व्हावी. पत्रा अगदीं कोरा, पण त्यावर जीवांचा जाड थर! जहाज वाऱ्याला व सुकाणूला पूर्वींसारखें जुमानीना. १८२५ च्या जुलैमध्यें आरमारखात्यानें समुद्रावर जाणाऱ्या जहाजांचे रक्षक काढून टाकण्याचा हुकूम दिला. बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवर ते आणखी कांहीं काळ राहिले, तेही १८२८ सालीं निघाले.

झालें काय होतें? तांबें इतकीं वर्षें स्वच्छ राहत होतें तें त्याच्या गुळगुळीतपणामुळें नव्हे, तर त्याच्या झिजण्यामुळें. झिजतांना तांब्याचे जे अतिसूक्ष्म कण पाण्यांत उतरत ते शेवाळाच्या बीजाला व कवचधारी जीवांच्या पिलांना विषासारखे असत. शिवाय विरणाऱ्या पृष्ठभागावर कोणाला घट्ट पाय रोवतां येत नसे. डेव्हीनें झीज थांबविली, आणि तिजबरोबर तें विषही थांबलें. आरमारखात्याला जें नुकसान वाटत होतें तेंच तांब्याचें काम होतें. पत्र्याची किंमत ही त्या कामाची मजुरी होती. वर आणखी असें कीं, रक्षित तांब्याजवळचें पाणी किंचित् क्षारधर्मी होतें, त्यामुळें समुद्रांतील चुना त्यावर साचतो. आणि असा खरबरीत चुन्याचा थर म्हणजे चिकटणाऱ्या जीवांना आयतें बिऱ्हाडच.

वृत्तपत्रांना हा विषय फार गोड लागला. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षानें सरकारी खर्चानें आरमाराचे तळ बिघडविले, असें त्यांनीं लिहिलें. डेव्ही मानी पुरुष होता. जें यश इतक्या लवकर मिळालें होतें त्याची त्याला संवयही झाली होती. ही टीका त्याच्या मनाला लागली. १८२६ च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षीं त्यानें अध्यक्षपद सोडलें, आणि १८२९ च्या मे महिन्यांत, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, जिनीव्हा येथें त्याचा अंत झाला. आरमाराच्या अपयशानें त्याचा प्राण घेतला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्याच्या अखेरच्या वर्षांवर त्याची छाया होती यांत शंका नाहीं.

या प्रकरणाचा निवाडा कसा करावा? टीकाकार म्हणत कीं पुस्तकी विद्या समुद्रावर चालत नाहीं. हें खरें नाहीं. डेव्हीच्या विद्येनें समुद्रावर अक्षरशः सांगितलें तेवढें करून दाखविलें. आरमारखात्यानें विचारलें होतें, तांबें कसें वांचवावें. आणि त्यानें तें वांचविलें. चूक असलीच तर ती प्रश्नांत होती. तांबें वांचविणें हें साध्य नव्हतें. जहाज वांचविणें हें साध्य होतें, आणि तांबें हें त्याचें साधन. परंतु डेव्हीला येथें सर्वस्वी मोकळें सोडतां येत नाहीं. बंदरांतील पत्र्यावर पांढरा थर व शेवाळ त्यानें स्वतः पाहिलें होतें. ‘अलार्म’ तपासणाऱ्या अनामिक माणसांनीं कागदाच्या एका चिटोऱ्याचा जितका विचार केला तितका त्यानें या शेवाळाचा केला असता, तर घाई कदाचित् टळली असती. त्याचा मोह आपल्याला परका नाहीं. जेथें सिद्धान्त नऊ गोष्टी सांगतो व त्या नऊही खऱ्या ठरतात, तेथें दहावी गोष्ट किरकोळ वाटूं लागते.

सिद्धान्त मात्र मेला नाहीं. १८३७ सालीं सोरेल या फ्रेंच गृहस्थानें लोखंड वितळलेल्या जस्तांत बुडवून त्यावर लेप चढविण्याचा एकाधिकार मिळविला. आपल्या छपरांवरील जस्ती पत्रा आणि विहिरीवरील जस्ती बादली हीं त्याचींच अपत्यें. बादलीवर ओरखडा पडून लोखंड उघडें झालें तरी तें सहसा गंजत नाहीं, कारण शेजारचें जस्त आधीं स्वतः झिजतें. उलट कथलाचा लेप असलेल्या पत्र्याच्या डब्याला उघड्या हवेंत ओरखडा पडला, तर तेथें लोखंड अधिकच झपाट्यानें गंजतें. कारण श्रेणींत कथील लोखंडाच्या खालीं आहे, आणि या जोडींत त्यागाची पाळी लोखंडावर येते. दोन्ही लेप दिसावयास सारखे पांढरे. परंतु एक आपला जीव देऊन राखणारा, दुसरा केवळ पडदा.

श्रेणीही दिवसेंदिवस नेमकी होत गेली. खार्कोव येथील बेकेटॉव्ह यानें १८६५ सालीं धातु एकमेकांना संयुगांतून कोणत्या क्रमानें हुसकून लावतात याची व्यवस्थित मांडणी केली. आज आपण जाणतों कीं ही उत्सुकता म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याची तयारी होय, आणि ती अंकांनीं मोजतां येते. हायड्रोजनला शून्य धरलें तर जस्ताचा अंक उणें ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणें ०.४४ आणि तांब्याचा अधिक ०.३४ येतो. अंक जितका शून्याच्या खालीं, तितका धातु देण्यास तयार. तरी अंक म्हणजे सर्वस्व नव्हे. अल्युमिनियम या श्रेणींत जस्ताच्याही वर आहे. तें मोकळें करण्यास वोलर यानें १८२७ सालीं डेव्हीच्याच पोटॅशियमचें साह्य घेतलें. इतका उत्सुक धातु आपल्या स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षें टिकतो, कारण हवेशीं पहिला संयोग होतांच त्यावर एक अदृश्य, घट्ट साय धरते व ती पुढचा संयोग अडविते. धातूचा स्वभाव जाणावयाचा तर तो कोणाच्या संगतींत, कोणत्या पाण्यांत व कोणत्या आवरणाखालीं आहे हेंही पाहावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जहाजें लोखंडाचीं झालीं, आणि जुना पेंच नव्या रूपानें पुढें आला. लोखंडाला किड्याची भीति नव्हती, पण शेवाळाची होती. आणि त्यावर तांबें ठोकावें तर लोखंडच खलास व्हावयाचें. या पेंचांतून जो मार्ग निघाला तो आजच्या कोणत्याही मोठ्या जहाजाच्या तळाशीं पाहतां येतो. पोलादी तळाला जस्ताचे किंवा अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडलेले असतात. ते झिजतात व पोलाद राखतात. हा डेव्हीचा पहारेकरी. जमिनींत पुरलेल्या नळांसाठींही तोच सिद्धान्त, विजेच्या प्रवाहाच्या रूपानें, रॉबर्ट कून यानें १९२८ सालीं न्यू ऑर्लिअन्स येथें उपयोगांत आणला. आणि शेवाळ दूर ठेवण्यासाठीं त्याच जहाजाच्या तळाला जो रंग देतात त्यांत बहुधा तांब्याचा ऑक्साइड असतो. तो हळूहळू विरतो आणि विरतो म्हणूनच उपयोगीं पडतो. डेव्हीच्या काळीं एकाच पत्र्यावर आणून भिडविलेलीं दोन सत्यें आतां एका तळावर शेजारीं नांदतात.

तीं नांदतात, कारण त्या तांब्याच्या रंगाखालीं, पोलादाला लागून, दुसऱ्या एका रंगाचा थर आधीं दिलेला असतो. त्याचें एक महत्त्वाचें काम तांबें व लोखंड यांचा स्पर्श होऊं न देणें हें आहे. १७६१ सालीं ‘अलार्म’च्या तळाशीं चुकून राहून गेलेल्या तपकिरी कागदानें याहून वेगळें कांहीं केलें नव्हतें.